नाताळच्या झाडाचे बावन्न नग

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी मागच्या खोलीतलं कपाट उघडलं, ते नेलकटर शोधायला. नेलकटर मिळालं नाही. त्याऐवजी वरच्या खणातून लोकरीचे अकरा गुंडे, पाइनच्या वाळक्या फळांची एक पिशवी आणि टिकल्यांचा डबा माझ्या डोक्यावर आला. डब्याचं झाकण सैल होतं. त्या टिकल्या पुढे कितीतरी महिने निघत राहिल्या. एकदा ऑफिसात साहेबांशी गंभीर विषयावर बोलत असताना त्यांनी मध्येच माझ्या भुवईकडे बोट दाखवून "हे काय?" असं विचारलं.

कपाट बायकोचं. ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. दिवसभर आतल्या खोलीतून येणारे आवाज ऐकून संध्याकाळपर्यंत तिचं मन उदास होतं, आणि मग घरी येताना वाटेतल्या दुकानातून ती काहीतरी घेऊन येते. साधा दात काढला असेल तर मीटरभर रिबीन. अक्कलदाढ असेल तर मणी. लहान मूल रडलं असेल तर फेल्टचं कापड, तेही लाल. "एखाद्या नाताळला सगळं हातानं करणार आहे मी," असं ती अकरा वर्षं म्हणत होती. केलं काहीच नव्हतं. पण त्या कपाटावरून आमच्या वस्तीच्या दातांचा इतिहास लिहिता आला असता.

"अगं, हे सगळं टाकून देऊ या," मी म्हणालो.

"टाकायचं? नवंकोरं आहे सगळं!"

"मग वापर."

"वेळ कुठे असतो मला?"

"मग टाक."

या वर्तुळात आम्ही दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत तिने मुद्दा बदलला. तिचे वडील सप्टेंबरात आमच्याकडे कायमचे राहायला येणार होते. त्यांच्यासाठी हीच खोली. त्यामुळे ती रिकामी व्हायला हवी हे तिलाही मान्य होतं. "पण टाकून नाही," ती म्हणाली. "वापरून रिकामी झाली तर चालेल."

आता शहाण्या माणसाने इथे गप्प बसायचं असतं. मीही बसलो. पण त्याच संध्याकाळी इमारतीच्या कमिटीची वार्षिक सभा होती.

सभा खालच्या दालनात भरते. तिथे कोपऱ्यात नाताळचं प्लास्टिकचं झाड अजून उभं होतं, कारण ते उतरवायचं कोणी याबद्दल ठराव झालेला नव्हता. आमचे सेक्रेटरी आयुष्यभर कोर्टात टंकलेखक होते. ठरावाशिवाय ते चष्मासुद्धा पुसत नाहीत. झाडावर शोभेच्या वस्तू तीनच उरल्या होत्या, आणि त्यांतली एक म्हणजे उडालेला बल्ब होता.

"पुढच्या वर्षी काहीतरी करायला हवं," सेक्रेटरी म्हणाले.

"करणार कोण?" आमच्या समोर राहणाऱ्या काकू म्हणाल्या. त्या निवृत्त परिचारिका आहेत आणि त्यांच्या आवाजाला अजून वॉर्डातली सवय आहे. "हल्ली कुणाच्या हातात कला म्हणून उरलेली नाही." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. कदाचित मी दिव्याखाली बसलो होतो म्हणून असेल. पण मला ते लागलं.

मी उभा राहिलो. वजनमापे तपासणी कार्यालयातला वरिष्ठ तपासनीस आहे मी. तेवीस वर्षं लोकांचे तराजू खोटे ठरवत आलो आहे. उभं राहिल्यावर काहीतरी अचूक बोलावं लागतं, अशी मला खोड आहे.

"आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाचे बावन्न," मी म्हणालो. "सगळे हाताने केलेले. घरच्या सामानातून. मी करतो."

टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी लिहून घेतलं: "ठराव क्रमांक नऊ. झाडासाठी बावन्न नग पुरवण्याची जबाबदारी तिसऱ्या मजल्यावरील सभासदांनी स्वेच्छेने घेतली." घरी येऊन हे सांगितल्यावर बायकोने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "घरात एक नग आहे तो पुरत नव्हता का?"

पहिल्या नगाला तीन रविवार लागले. मी आधी ग्राफपेपरवर आकृती काढली, मिलिमीटरमध्ये. चांदणी ठरली होती, पाच टोकांची, पुठ्ठ्याची, वर चंदेरी कागद. पुठ्ठा कापताना एक टोक गेलं. मग ती चार टोकांची झाली. चार टोकांची चांदणी ही पतंगासारखी दिसते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ग्लू गन नावाचं जे यंत्र असतं, त्यातून गरम गोंद येतो आणि तो जिथे हवा तिथे सोडून सगळीकडे चिकटतो. पहिल्या रविवारी मी चांदणी टेबलक्लॉथला चिकटवली. दुसऱ्या रविवारी टेबलक्लॉथ टेबलाला. तिसऱ्या रविवारचं सांगत नाही. एवढंच सांगतो की त्या सोमवारी मी डाव्या हाताची दोन बोटं जोडलेल्या अवस्थेत ऑफिसला गेलो आणि कुणाला कळू नये म्हणून दिवसभर हात खिशात ठेवला.

मग मी फेल्टच्या पक्ष्यांकडे वळलो. दोन तुकडे कापायचे, शिवायचे, आत कापूस भरायचा, वर तारेचा आकडा. ऐकायला सोपं आहे. पहिला पक्षी मी खिडकीत ठेवला होता. समोरच्या काकू आल्या आणि त्यांनी तो हातात घेऊन निरखला.

"बटाटा छान झालाय," त्या म्हणाल्या.

"पक्षी आहे तो," बायको म्हणाली. ती एरवी माझी बाजू घेत नाही, पण फेल्ट तिचं होतं.

"हो का? चोच कुठाय?"

"झोपलाय. पंखाखाली घेतलीय चोच."

"मग पंख कुठाय?"

बायकोने पक्षी माझ्या हातात दिला. काकूंनी मला जखम शिवायचा टाका कसा घालतात ते दाखवलं. "वॉर्डात इतक्या ढिल्या हाताने शिवलं असतं ना," त्या म्हणाल्या, "तर पेशंट जिन्यापर्यंतसुद्धा गेला नसता." त्यानंतर मी केलेल्या सगळ्या पक्ष्यांच्या पोटावर शस्त्रक्रियेची खूण असल्यासारखं दिसायचं.

हे सगळं सहन झालं असतं. पण मार्चपर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर पसरली आणि लोक मदत करू लागले.

माणसाने दुसऱ्याच्या कामात मदत करायची ठरवली की तो सर्वांत आधी स्वतःचं घर आवरतो. आमच्या दाराची बेल वाजायची आणि कुणीतरी पिशवी पुढे करायचं. "तुमच्या उपयोगाचं आहे." रिकामी रिळं. औषधाच्या बाटल्यांची बुचं. जुनी शुभेच्छापत्रं. एकेकटे कानातले डूल. तुटलेल्या छत्रीच्या काड्या. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तर दाराची मूठ आणून दिली. "हिचं काय करू?" असं मी विचारलं तेव्हा ते दुखावले. "कलाकार तुम्ही. आम्ही काय सांगणार?" नाही म्हणायची सोय नव्हती, कारण ठराव क्रमांक नऊ सगळ्यांना तोंडपाठ होता.

मे महिन्यात मी मागच्या खोलीत टेप लावून मोजमाप घेतलं. जानेवारीत सामान एका कपाटात होतं. आता कपाट, पलंगाखालची जागा, पलंग आणि खिडकीचा खालचा अर्धा भाग एवढं सगळं भरलं होतं. तयार नग झाले होते नऊ. त्यांतले चार मी स्वतःच नापास केले होते.

सगळ्यांत वाईट म्हणजे बायकोने रिबिनी आणणं बंद केलं. ठेवायला जागाच नव्हती. दवाखान्यातला दिवस वाईट गेला की ती आता रिकाम्या हाताने घरी यायची आणि जेवताना मला सगळं सविस्तर सांगायची. त्या तीन महिन्यांत हिरड्यांबद्दल मला जी माहिती मिळाली, ती मिळाली नसती तरी माझं काही अडलं नसतं.

"बाबा यायच्या आत होईल ना हो रिकामं?" ती अधूनमधून विचारायची.

"होईल की," मी म्हणायचो, आणि पक्ष्याला टाके घालायचो.

झालं नाही. सप्टेंबरात सासरे आले तेव्हा पलंग तेवढा मोकळा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना गोण्या होत्या. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात हत्यारांची लाकडी पेटी घेऊन ते दारात उभे राहिले, खोलीकडे बघितलं आणि "छान आहे" म्हणाले. ते एवढंच बोलतात. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण त्यांच्यापुढे मला अजून आपला शर्ट बाहेर आलाय की काय असं वाटत राहतं.

सासरे घड्याळजी. बेचाळीस वर्षं एकाच दुकानात, एकाच खिडकीपाशी बसून त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. वर्षभरापूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी ते बारीक घड्याळं परत पाठवू लागले, मग मनगटी घड्याळं, आणि मग एक दिवस दुकान बंद केलं. याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही असं बायकोने मला बजावलं होतं. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे आणि आम्ही दोघं त्या वेळी खिडकीबाहेर बघायचो.

पण एक गोष्ट चांगली झाली. ऑक्टोबरच्या सुमाराला माझा हात बसला. म्हणजे असं की, संध्याकाळी मी पक्षी करून मागच्या खोलीतल्या खोक्यात टाकायचो तेव्हा तो मला बेताचाच वाटायचा. पण दोन दिवसांनी सहज काढून बघावा तर शिवण सरळ, चोच जागच्या जागी आणि आकड्याला टांगला की अगदी ओळंब्यात. माझे आधीचे पक्षी एका बाजूला कलायचे, चक्कर आल्यासारखे. हे तसे नव्हते. माझं मलाच नवल वाटलं. मी समोरच्या काकूंना एकाग्रतेवर थोडं समजावून सांगितलं. "घाई करायची नाही," मी म्हणालो. "हात आपोआप शिकतो." सासरे तिथेच पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं.

नगांचा आकडा चाळीसच्या पुढे गेला आणि मग सेक्रेटरी आले. हातात कागद होता.

"परिपत्रक आहे," ते म्हणाले. "अग्निशमन कार्यालयाचं. सार्वजनिक दालनात टांगलेली प्रत्येक वस्तू सहज पेट न घेणारी असल्याचा दाखला लागतो. मी कालच वाचलं."

"कधीचं आहे?"

"सहा वर्षांपूर्वीचं. पण मी कालच वाचलं."

अग्निशमन कार्यालयात तीन खिडक्या होत्या. पहिलीवर मला दुसरीकडे पाठवलं, दुसरीवर अर्ज दिला आणि तिसरीवर तो अर्ज परत घेतला, कारण त्यात "वस्तूचा प्रकार" या रकान्यात मी "पक्षी" लिहिलं होतं आणि पक्ष्यांचा विभाग वेगळा होता. मी खोडून "लटकन" लिहिलं. खाडाखोड चालत नाही म्हणून नवा अर्ज घेतला. शेवटी मी अधिकाऱ्यांसमोर पोचलो. शांत, सभ्य गृहस्थ होते.

"प्रत्येक प्रकारचा एक नमुना द्या," ते म्हणाले.

मी एक पुठ्ठ्याची चांदणी, एक रिळाचा ढोल आणि एक पक्षी दिला. ते मला मागच्या अंगणात घेऊन गेले, पत्र्याच्या ट्रेमध्ये तिन्ही ठेवले आणि एकेकाला लायटर लावला. चांदणी क्षणात गेली. ढोल थोडा वेळ विचार करत राहिला, मग काळा पडून विझला. पक्ष्याने मात्र पेटच घेतला नाही. तो नुसता आक्रसला, रुसल्यासारखा, आणि धूर सोडत बसला.

"पक्षी चांगला आहे," अधिकारी म्हणाले. त्या वर्षातलं ते पहिलं कौतुक. आणि मग त्यांनी मला "माझ्यासमोर जाळले" असं लिहून सही करायला लावली.

चांदण्या बाद झाल्या. एकूण तेरा. त्यांच्या जागी तेरा पक्षी करायचे ठरले. शिवाय आणखी एक अट होती: कुठलाही नग वीस ग्रॅमपेक्षा जड नसावा, आणि त्याबद्दल वजनमापे कार्यालयाचा दाखला जोडावा.

हे वाचून मी मनात हसलो. वजनमापे कार्यालय म्हणजे मीच. दुसऱ्या दिवशी, तोवर तयार झालेले सगळे नग खोक्यात घालून मी ऑफिसात गेलो आणि स्वतःच्या टेबलावर ठेवले. माझ्या हाताखाली एक तरुण तपासनीस आहे. तिला हे काम मीच शिकवलं आहे.

"तुम्हाला सही नाही करता येणार, सर," ती म्हणाली.

"का?"

"तुमचीच वस्तू आहे. मी वजन करते." तिने तराजू पुसला, पातळी तपासली. मग प्रत्येक नग दोनदा ठेवला.

"दोनदा कशाला?"

"तुम्हीच सांगितलं होतंत सर. ओळखीच्या माणसाचं वजन दोनदा करायचं."

सात पक्षी जड निघाले. एक बावीस ग्रॅम, एक चोवीस. हे शक्य नव्हतं. कापूस मी मोजून भरला होता, वहीत नोंद होती. मी तसं म्हणालो. ती एक पक्षी बोटांनी दाबून बघत होती. मग तिने कात्री घेतली, पोटाचे दोन टाके उसवले आणि कापसातून चिमट्याने काहीतरी काढून माझ्यासमोरच्या कागदावर ठेवलं.

पितळेचं एक चाक होतं. बारीक दात्यांचं, बटणाएवढं.

"सर, याच्या आत घड्याळाचं चाक आहे," ती म्हणाली. आजूबाजूच्या तीन टेबलांवरची कामं थांबली. "पक्षी सरळ लटकावा म्हणून तळाशी वजन दिलंय. फार हुशारीचं काम आहे. तुम्ही केलंत?"

तेवीस वर्षांच्या नोकरीत मी इतका सोपा प्रश्न इतका वेळ ताटकळत ठेवला नव्हता. शेवटी "घरातून करून घेतलं" असं काहीतरी पुटपुटलो आणि डोकं दुखतंय म्हणून दुपारीच निघालो.

घरी आलो तेव्हा मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. सासरे खिडकीपाशी बसले होते. डोळ्याला घड्याळजींचं भिंग. समोर काल रात्री जेवायच्या आधी मी घाईघाईत संपवून टेबलावरच विसरलेला पक्षी, आणि त्याचे सगळे टाके उसवलेले. त्यांनी उजव्या हाताचं मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरलं होतं. हात थरथरत होता. मग तो थोडा थांबायचा, आणि तेवढ्या अवधीत ते एक टाका घालायचे. परत थरथर. परत थांबणं. परत एक टाका. घड्याळाच्या स्प्रिंगला ही थरथर चालली नसती. फेल्टला चालत होती.

त्यांचा चेहरा मी एकोणीस वर्षांत तसा पाहिला नव्हता. चक्क शीळ घालत होते.

मी पावलं न वाजवता बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि जिन्यात दोन मजले खाली जाऊन पायरीवर बसलो. साडेपाचला माझी घरी यायची वेळ होते. तोपर्यंत तिथेच बसलो. जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांनी काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणालो, वारा घेतोय. जिन्यात वारा नसतो, पण कुणी वाद घातला नाही.

हे कबूल करतो की त्या दोन तासांत आधी मला फार वाईट वाटलं. स्वतःसाठीच. एकाग्रतेवर मी जे भाषण दिलं होतं, ते शब्दन् शब्द आठवत होतं, आणि ते उलटलेलं पानही. मग हळूहळू ते कमी झालं. सगळं गेलं नाही, पण कमी झालं.

चहा झाल्यावर मी सात पक्षी सासऱ्यांपुढे ठेवले. "बाबा, ऑफिसात हे सात जड भरले. काय झालं असेल?"

त्यांनी एक पक्षी उचलला, दोन्ही हातांत धरून तोलला. माझ्याकडे बघितलं नाही.

"कापूस दमट झाला असेल," ते म्हणाले. "राहू द्या इथे. उद्या उन्हात ठेवतो."

"बरं होईल," मी म्हणालो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि नळ मोठा सोडला.

दुसऱ्या संध्याकाळी सातही पक्षी अठरा ग्रॅमचे होते. एकूण एक. त्या उन्हाची अचूकता आमच्या तराजूलाही जमली नसती. त्यानंतर मी रोज एक पक्षी मुद्दाम वाईट करून खोक्यात टाकू लागलो. खरं सांगायचं तर मुद्दाम काही करावं लागत नव्हतं.

डिसेंबरच्या वीस तारखेला बावन्न नग पुरे झाले. दाखले जोडले. अग्निशमन अधिकारी स्वतः पाहणीला आले. दालनात सगळी इमारत जमली होती. त्यांनी कागद तपासले, खोक्यातले सगळे नग मोजले, दोन-चार बोटांनी दाबून बघितले आणि मान हलवली.

"उत्तम. इतकं नीट काम मी पाहिलं नाही. आणि झाडाचा दाखला?"

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे बघितलं.

"झाड प्लास्टिकचं आहे," ते म्हणाले. "कधी घेतलं?"

सेक्रेटरींनी जुनी वही उघडली. "अठरा वर्षांपूर्वी. ठराव क्रमांक चार."

"दाखला?"

दाखला नव्हता. अधिकाऱ्यांनी झाडाच्या खालच्या फांदीचं टोक खुडलं, बाहेर नेलं आणि लायटर लावला. आम्ही काचेतून बघत होतो. मी जास्त वर्णन करत नाही. त्यांना बूट झटकावा लागला.

"झाड इथे ठेवता येणार नाही," आत येऊन ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "नग मात्र लावू शकता."

"कशाला?" समोरच्या काकूंनी वॉर्डाच्या आवाजात विचारलं.

जिन्याच्या कठड्याला लावता येणार नव्हते, तो बाहेर पडायचा मार्ग. भिंतीला खिळे ठोकता येणार नव्हते, भिंत कमिटीची. घरांच्या दारांना बाहेरून लावता येणार नव्हते, बाहेरची बाजू सार्वजनिक. अधिकारी एकेक पान उलटत एकेक मार्ग बंद करत होते. बायको माझ्याकडे बघत नव्हती. मी खोक्याकडे बघत होतो. बारा महिने. तेरा चांदण्या. दोन बोटं.

तेव्हा सासरे बोलले. चारचौघांत बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं.

"दाराची आतली बाजू कुणाची?"

अधिकाऱ्यांनी पान उलटलं. "ती राहणाऱ्याची. तिथे काहीही लावा."

"आणि दार उघडं ठेवलं तर?"

आमच्या इमारतीतली दारं बाहेरच्या बाजूला उघडतात. अधिकारी थांबले. "तर... आतली बाजू बाहेरून दिसेल."

"त्याला नियम आहे?"

त्यांनी पुस्तक शेवटपर्यंत चाळलं, मग मागून पुढे चाळलं. "दार भिंतीला पूर्ण टेकलेलं हवं. आणि दोन तासांहून जास्त नको," ते म्हणाले. हे पुस्तकात होतं की त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, मला माहीत नाही. सेक्रेटरींनी मात्र लगेच लिहून घेतलं.

घरं सव्वीस. प्रत्येक दाराला दोन नग. चोवीस तारखेला संध्याकाळी सहाला मी, बायको आणि सासरे खोकं घेऊन वरपासून खालपर्यंत निघालो. आकडे अडकवायचे, पुढे जायचं. लोकांनी दारं उघडली होती आणि भिंतीला टेकवून ठेवली होती, कुणी खुर्ची लावून, कुणी चपला ठेवून. चौदा वर्षं मी त्या इमारतीत राहतोय. सभेत सगळ्यांना ओळखतो, पण दारांच्या आत कधी गेलो नव्हतो. सेक्रेटरींच्या घरात एका टेबलावर टाइपरायटर होता आणि त्याच्यावर विणलेलं झाकण होतं. दाराची मूठ देणाऱ्या गृहस्थांचं घर अगदी रिकामं होतं, एक खुर्ची, एक रेडिओ, आणि त्यांनी आमच्यासाठी शेजारून आणखी तीन खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. आमच्या वरच्या मजल्यावर जे राहतात, त्यांच्याशी पाणी गळण्यावरून चार वर्षं माझं बोलणं नव्हतं. ते स्वतः "या ना आत" म्हणाले. आम्ही बसलो. पाण्याचा विषय कुणी काढला नाही.

आणि प्रत्येक घरी लोक माझ्याकडे बघून हसत होते. मी वळलो की जास्तच. मला भरून आलं. वर्षभराची मेहनत लोकांना समजली, असं वाटलं. मी नम्रपणे मान लववत होतो.

तळमजल्यावर सेक्रेटरींकडे भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. सासऱ्यांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, मग परत बघितलं. "किती दिवस?" त्यांनी विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, "हिच्या माघारी कुणी किल्ली दिलेली नाही." सासरे खाली बसले. "मनगटी असतं तर जमलं नसतं," ते म्हणाले. "हे मोठं आहे. बघतो." त्यांना तिथेच ठेवून मी वर आलो.

आमचं दार शेवटी ठेवलं होतं. त्याला एक पक्षी लावला. दुसऱ्यासाठी मी खोकं उलटं करून झटकलं. रिकामं. एकावन्न लावले आणि एक कुठे गेला, हे वजनमापे कार्यालयातल्या माणसाने कुणाला सांगावं? तेवढ्यात आधीच वर आलेली बायको दारात आली.

"अहो, जरा मागे वळा."

मी वळलो. तिने माझ्या स्वेटरच्या पाठीवरून काहीतरी ओढून काढलं. एक लोकरीचा धागाही बरोबर आला. तिच्या हातात लाल पक्षी होता, आकड्यासकट.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"सहापासून. खोकं उचलताना अडकला."

"सव्वीस घरं फिरलो मी. सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते," ती म्हणाली. तिने तो दाराला लावला आणि दोन पावलं मागे जाऊन बघितला. "बाबांनी हात धरला माझा. म्हणाले, सरळ लटकतोय, राहू दे."

आठ वाजले. नियमाप्रमाणे दार लावायचं होतं. पण खालून अजून सासऱ्यांचा आवाज येत होता, ते कुणाला तरी तेलाची बाटली मागत होते. म्हणून आम्ही ते उघडंच ठेवलं.